माल आपला, नंबर कुणाचा?



ओळखीतून काम मिळते, हे काही नवे नाही. पुरुषांच्या ओळखी पारावर, चहाच्या टपरीवर वाढत गेल्या. बाईच्या पाणवठ्यापाशीच थांबल्या. आता व्हॉट्सॲपमुळे तिलाही पार मिळाला आहे. वस्तीत काम करताना मी पाहते, बचतगटाच्या पापडांना, गोधड्यांना फोनवरून ऑर्डरी येतात. नर्सिंग झालेल्या मुलीला नोकरीची खबर जुनी मैत्रीण कळवते.

पण पाकिटावरचा नंबर बहुधा नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आणि कुणी घाणेरडे संदेश पाठवले, तर फोन काढून घेतला जातो तिचाच. वास्तविक बाई नको म्हणत असताना पुरुषाने पुन्हापुन्हा संपर्क साधणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. शिक्षा त्याला व्हायला हवी, तिला नव्हे.

गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोबाच्या वहीसोबत प्रत्येकीचे पाकीटही पाहूया. कष्ट आपले, माल आपला. मग गिऱ्हाइकाचा फोन आपल्यालाच यायला हवा.