विणकराच्या दारी चित्रकार

चित्रकार म्हटलं की आपल्याकडे लगेच प्रश्न येतो, त्याचा गावाला उपयोग काय? या प्रश्नाचं उत्तर मुंबईत गिरगावातल्या ऑपेरा हाऊसजवळ, मामा परमानंद मार्गावरच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात मिळतं.

हातमागाला नवी नक्षी मिळावी म्हणून १९५० च्या दशकात अशी केंद्रं निघाली. पुपुल जयकर यांचा त्यात पुढाकार होता. सरकारने चांगले चित्रकार चक्क पगारावर नेमले. त्यातलेच एक प्रभाकर बरवे, अलिबाग तालुक्यातल्या नागावचे. १९६१ ते १९८२ ते या नोकरीत होते; आधी बनारसला, मग मुंबईत. त्यांच्या चित्रांत पान, शिंपला, फळ, घड्याळ अशा रोजच्याच वस्तू असतात, पण अशा काही जागी मांडलेल्या की बघणारा थबकतो. १९९५ मध्ये ते गेले. बरवे मोठे झाले ते चित्रांमुळे, मागामुळे नव्हे, असं कुणी म्हणेल. कबूल. पण निसर्ग बघायची अशी नजर असलेला माणूस वीस वर्षे विणकरांच्या खात्यात होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण कागदावरचं पान मागावर सहज उतरत नाही. ते आधी चौकोनांच्या कागदावर मांडावं लागतं. प्रत्येक चौकोन म्हणजे धागा उचलायचा की खाली ठेवायचा, याचा हुकूम. सूत जाड असेल तर पानाची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. बारीक सुतात गोलाई येते, पण मेहनत वाढते. पैठणीवरचे मोर, कमळ, मुनिया, आसावलीची वेल हे सगळं शेताबांधावरचंच, आणि ते कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा असंच बसवलं असणार.

आज तीच ती नक्षी यंत्रमागावर स्वस्तात निघते. १९८५ च्या कायद्याने काही वाण हातमागाला राखून दिलेत, तरी नक्कल बाजारात दिसतेच. मग हाताने विणणाऱ्याची मजुरी पडते. नवी नक्षी हाच त्याचा खरा आधार, आणि नेमका त्यावरचा खर्च आपल्याला चैन वाटतो. बियाणं सुधारायला शास्त्रज्ञ लागतो हे आपण मानतो ना?

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी गावातल्या विणकराला घेऊन अशा केंद्रात जावं. नुसतं निवेदन नको. मागाची रुंदी, सुताचा नंबर आणि विकला न गेलेला एखादा नग सोबत न्यावा.