गावच्या माणसाला गावातच माती

छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावात ७ जानेवारी २०२५ रोजी एक ख्रिस्ती धर्मोपदेशक वारले. जात महारा, म्हणजे अनुसूचित जातीतली. घरातली आधीची माणसं गावच्याच दफनभूमीत पुरलेली आहेत, असं मुलाचं म्हणणं होतं. गावातल्या काहींनी तिथे माती द्यायला विरोध केला आणि घरच्या शेतात पुरायलाही हरकत घेतली. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालला ख्रिस्ती दफनभूमी आहे आणि गावात पुरल्यास अशांतता होईल, असं सांगत उच्च न्यायालयाने मुलाची मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी शेतात दफनाला परवानगी दिली, तर न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी नेमून दिलेल्या जागीच दफन व्हावं असं म्हटलं. मोठ्या पीठाकडे प्रकरण गेलं असतं, तर मृतदेह आणखी किती दिवस राहिला असता कोण जाणे. म्हणून घटनेच्या कलम १४२ खाली पोलीस बंदोबस्तात करकापालला दफन करण्याचा आदेश निघाला. तोवर वीस दिवस मृतदेह शवागारात होता.

कायद्याचा काथ्याकूट बाजूला ठेवला तरी हे वीस दिवस डोळ्यांआड करता येत नाहीत. जागेचा वाद मृत्यूनंतर सुरू झाला की काळ एकाच बाजूच्या विरोधात धावतो. अडवणाऱ्यांना घाई नसते. मृताच्या घरच्यांना मात्र दुखवटा सोडून तहसील, पोलीस ठाणं आणि कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्यांच्या हाती वाटाघाटीला काही नसतं, कारण घरचं माणूस शवागारात असतं. अशा स्थितीत झालेली तडजोड खरं तर शरणागतीच असते. म्हणून प्रत्येक रहिवाशाच्या अंत्यविधीची जागा कुणी मरण्याआधी, गावाच्या हद्दीत, सरकारी नोंदीवर ठरलेली असली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप शांततेचा घेतला जातो. दंगा टाळणं हे प्रशासनाचं काम आहेच; पण दंग्याची धमकी जो देतो त्याला आवरायचं की ज्याच्या घरी मयत झाली आहे त्याला गावाबाहेर काढायचं? करकापालच्या वाटेवर पोलीस पुरवता आले, तर तेच पोलीस छिंदवाड्याच्या वेशीवरही उभे राहू शकले असते. धमकी दिली की जागा मिळत नाही, हे एकदा दिसलं की पुढच्या गावातही तीच वाट धरली जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बस्तर अनुसूचित क्षेत्र आहे, तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार दिला आहे, आणि आदिवासींच्या दफनस्थळांना त्यांच्या श्रद्धेत मोठं स्थान असतं. हे नाकारण्याचं कारण नाही. कुणाच्या पूर्वजांच्या जागेत घुसावं असं कुणी म्हणत नाही. पण रूढी जपण्याच्या अधिकारातून रहिवाशाला गावाबाहेर पाठवण्याचा अधिकार निघत नाही. उलट, ग्रामसभेला अधिकार आहे म्हणूनच वेगळा तुकडा आखून देण्याची जबाबदारीही तिची ठरते.

ही जबाबदारी घटनेतही अंधूकच राहिली आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत दफनभूमी आणि स्मशानांचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत तो नाही. राज्यांनी आपापल्या कायद्यांनी ती उणीव भरायची, आणि ती कशी भरली जाते हे गावातला बळकट गट ठरवतो. महाराष्ट्राने याकडे परक्या राज्याची बातमी म्हणून पाहू नये. जातवार स्मशानं इथेही आहेत, आणि दलितांची प्रेतयात्रा रस्त्यात अडवल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. अस्पृश्यतेच्या कारणावरून स्मशानाचा वापर नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवलं आहे. पण गुन्हा दाखल व्हायचा तो अडवणूक झाल्यावर, म्हणजे पुन्हा मयत दारात असताना.

न्या. नागरत्ना यांनी आपल्या निकालात छत्तीसगड सरकारला राज्यभर ख्रिस्ती दफनभूमी दोन महिन्यांत आखून देण्यास सांगितलं. महाराष्ट्राला त्यासाठी कोर्टाची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक गावात दहन आणि दफन या दोन्हींसाठी जागा मोजून घ्यावी, तिची सातबाऱ्यावर नोंद करावी आणि तिथे पावसाळ्यातही तिरडी नेता येईल असा रस्ता द्यावा. गावात कोणत्या रहिवाशांना आज अशी जागा नाही, ही यादी तलाठी आणि ग्रामसेवकांनी पुढच्या ग्रामसभेपुढे ठेवावी.