कारणे लिहा, पण कशावरून?

'शास्त्रीय कारणे लिहा' म्हटले की आपल्या दहावीच्या मुलांची पेने धावू लागतात. चांदीच्या वस्तू काळ्या का पडतात? हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. गाइडात हेच, उत्तरपत्रिकेत हेच, गुण पैकीच्या पैकी. विधान खरे आहे, हे प्रश्नानेच परस्पर ठरवून टाकलेले असते. मुलांनी शंका घ्यायची ती कशावर?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शिक्षकांनी हाच धडा उलट्या टोकाने घेऊन पाहावा. 'वालधुनी नदीकाठच्या घरांत चांदीचे पैंजण लवकर काळे पडतात' हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि विचारावे, कशावरून? 'आई म्हणते' हे उत्तर आधी येईल. मग 'नदीला कुजक्या अंड्यांचा वास येतो'. वास हा पुरावा आहे, पण अर्धाच. नदीपासून लांब राहणाऱ्या मुलीचे पैंजणही काळे असले तर? रबरात, लोकरीतही गंधक असते. अशी ओढाताण झाली की तुलना कशी करायची, हे वर्गच सुचवू लागतो: चांदीच्या एकाच पत्र्याचे तुकडे, सारख्याच उघड्या डब्या, काही काठच्या घरांत, काही लांबच्या, दिवस तेवढेच. (मिठाईचा वर्ख स्वस्त पडेल, पण त्यात ॲल्युमिनियमची भेसळ असू शकते. ही शंका मुलांनीच काढली तर उत्तम.) मुलांना नदीच्या पाण्यात मात्र उतरवू नये.

समजा, काठचे तुकडे जास्त काळवंडले. 'म्हणजे कारखानेच दोषी,' असे वर्ग एका सुरात म्हणेल. इथे थांबवावे. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरात आणि पुढे कल्याणकडे जाते. वाटेत तिला कारखान्यांचे पाणी मिळते, तसे घरांचे सांडपाणीही. ऑक्सिजन संपलेल्या सांडपाण्यात जिवाणू सल्फेटपासून हाच हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तुकडा वायूबद्दल बोलतो, गुन्हेगाराबद्दल नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागेल.

तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी 1958 मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यात दावा आणि पुरावा यांना जोडणाऱ्या दुव्याला स्वतंत्र जागा आहे. आपल्या न्यायशास्त्रातही डोंगरावरच्या धुरावरून आग सांगताना 'जिथे धूर तिथे आग' हे उदाहरणासह मांडावेच लागते. आपली मुले दावा लिहितात, पुरावाही लिहितात. दुवा गाळतात, कारण तो कुणी मागितलेलाच नसतो.

पोर्शन कधी पुरा होणार, ही तक्रार खरी आहे. म्हणून प्रत्येक धड्याला नको, सत्रातून दोन-तीनदा पुरे. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या वर्गात हा वाद हिंदीत किंवा सिंधीत रंगला तरी रंगू द्यावा. प्रयोगवहीतली भाषा मागाहून पाहता येते. आणि तपासताना 'माझे म्हणणे मी अमुक दिसल्यामुळे बदलले' असे लिहिणाऱ्याला, उत्तर गाइडाशी जुळत नसले तरी, गुण द्यावेत.