हुमणीच्या अंगावर उगवणारें हिरवें पीक

पूर्वेकडील एका झाडास फळाऐवजीं जिवंत कोंकरूं लागतें, तें देठास जखडलेलें असतें आणि भोंवतालचें गवत संपलें कीं मरतें, अशी गोष्ट मध्ययुगांत युरोपांतील लोक खरी मानीत. हिंदुस्थानांतील कापसाची ऐकीव वार्ता हेंच तिचें मूळ होय, असें हेन्री ली यानें १८८७ सालीं प्रतिपादन केलें. असें कोंकरूं कोणासही सांपडलें नाहीं.

परंतु कळवणकडील मक्याच्या किंवा उंसाच्या शेतांत खणतांना हिरवट भुकटीनें मढलेली मेलेली हुमणी हातीं आली, तर अर्धा प्राणी व अर्धी वनस्पति असा जीवच सांपडल्याचा भास होईल. तो केवळ भास होय. ती मेटाऱ्हायझियम नांवाची बुरशी असून, शास्त्रदृष्ट्या बुरशी ही वनस्पतिही नव्हे व प्राणीही नव्हे. तिचे बीजाणू हुमणीच्या कातडीस चिकटून रुजतात, आंत शिरतात व कांहीं दिवसांत तिला मारतात. नंतर अळीवर पांढरी बुरशी चढते व पुढें ती हिरवी होते. १८७९ सालीं मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानें गव्हावरील भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर हिचे प्रयोग केले. आज ती बाजारांत तयार मिळते.

हुमणी मुळें कुरतडते व उभें पीक पिवळें पडून सुकतें. मग घाबरून विषारी औषधांमागें धांवण्यापेक्षां हा मित्र आधीं जोपासावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. हिरवी पडलेली अळी बांधाबाहेर फेंकूं नये. मातींतच राहूं द्यावी. विकतची बुरशी कुजलेल्या शेणखतांत मिसळून, जमिनींत ओल असतां, सायंकाळीं द्यावी. कडक ऊन व बुरशीनाशक औषध हीं दोन्ही तिला मारक आहेत. अळी लहान असतांच हें करावें. ती मोठी होईपर्यंत थांबल्यास मुळें हातचीं गेलेलीं असतात.

तथापि एकट्याच्या शेतानें हा प्रश्न सुटणार नाहीं. वळवाचा पाऊस पडतांच भुंगेरे जमिनींतून निघून रात्रीं कडुनिंब, बाभूळ व बोर या झाडांवर जमतात; ते कोणाचा बांध ओळखीत नाहींत. फांद्या हालवून ते पाडावे व रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकावे. हें काम सबंध गांवानें एकाच वेळीं केलें, तरच त्याचा उपयोग. येत्या पावसाळ्यापूर्वीं सभासदांनीं आपापल्या गांवीं बैठक भरवून याची व्यवस्था करावी, अशी आग्रहाची विनंति आहे.