हे नखरे नव्हेत!

रविवारी वर्ग सुटला की आपण सगळे खुर्च्या फरशीवरून ओढत भिंतीला लावतो. त्या वेळी माझा धाकटा भाऊ कानांत बोटे घालून दाराबाहेर पळतो आणि सगळे हसतात. घरी आई कालथ्याने कढई खरवडू लागली तरी त्याचे तेच. आजी म्हणते, "एवढे कसले नखरे! आम्ही राखेने भांडी घासायचो, कोणाचे कान गेले नाहीत."

मला आजीचे म्हणणे पटत नाही.

माणसाचा कान सगळे आवाज सारखे ऐकत नाही. सेकंदाला साधारण २००० ते ५००० कंपने असलेले आवाज त्याला फार चटकन ऐकू येतात. खरवडण्याचा आवाज नेमका तिथेच टोचतो. १९८६ साली अमेरिकेतील तीन शास्त्रज्ञांनी दगडी पाटीवर बागेतले दाताळे ओढून तो आवाज लोकांना ऐकवला. त्यातले अगदी वरचे स्वर काढून टाकले तरी लोकांना तो तितकाच नकोसा वाटला. मधले स्वर काढल्यावर मात्र त्रास कमी झाला.

२०१२ साली न्यूकॅसल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १३ जणांना ७४ आवाज ऐकवून त्यांचे मेंदू तपासले. सुरी बाटलीवर घासण्याचा आवाज सर्वांत वाईट ठरला. असा आवाज आला की मेंदूतला भीतीशी संबंध असलेला बदामाएवढा भाग जागा होतो आणि ऐकण्याच्या भागाला आणखी चेतवतो. मग अंगावर काटा येणारच. तो कोणी मुद्दाम आणत नाही.

आजीचेही थोडे खरे आहे. मनाचा भाग असतोच. २०११ सालच्या एका प्रयोगात काहींना सांगितले होते की हा आवाज म्हणजे आधुनिक संगीत आहे. त्यांना तो कमी वाईट वाटला. पण त्यांच्या त्वचेवरची खूण मात्र इतरांसारखीच बदलली! म्हणजे मनाची समजूत घालता येते, शरीराची नाही. आणि खरे सांगू? कोणी फुगा बोटाने घासला की आजीचेच दात शिवशिवतात. तिला आम्ही नखरेल म्हणत नाही.

म्हणून मला वाटते, कोणी कान झाकले तर हसू नये. कढई खरवडण्याआधी "आता आवाज होईल हं" एवढे सांगायला काय हरकत आहे? आणि खुर्च्या दोघांनी मिळून उचलाव्यात. टेनिसचे जुने चेंडू चिरून पायांना बसवले तर आवाजच होणार नाही. वीस खुर्च्यांना ऐंशी चेंडू लागतील. पुढच्या रविवारी प्रत्येकाने घरातून चार आणावेत. मी आठ आणीन, चार माझे आणि चार भावाचे.