आधी पक्षात लोकशाही नांदवा!

लोकशाहीचा जप अहोरात्र करणाऱ्या आपल्या राजकीय पक्षांच्या स्वतःच्या घरात लोकशाही कितपत नांदते? बुऱ्हाणपुरातील राजपुऱ्याचा मतदार निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभा राहून आपला हक्क बजावतो. परंतु त्याच्यापुढे येणारी नावे कोणी निवडली? राजपुऱ्यातील पक्षसदस्यांनी? छे! ती भोपाळात घोळतात, दिल्लीत ठरतात आणि तापीकाठच्या कार्यकर्त्याच्या वाट्याला सतरंज्या अंथरण्याचे काम तेवढे उरते.

याची फळे या शहराने पाहिली आहेत. २०१८ साली काँग्रेसची उमेदवारी न मिळालेले सुरेंद्रसिंह ‘शेरा’ अपक्ष उभे राहिले व विधानसभेवर निवडून आले. पाच वर्षांनी त्याच काँग्रेसने त्यांनाच उमेदवार केले! त्याच २०२३ च्या लढतीत भारतीय जनता पक्षाचे दिवंगत खासदार नंदकुमारसिंह चौहान यांचे पुत्र हर्षवर्धनसिंह स्वपक्षाच्या उमेदवाराविरुद्ध अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. यांपैकी कोणाचाही कैवार आम्हास घ्यावयाचा नाही. आमचे म्हणणे एवढेच की, पक्षात जे मत मोजावयास हवे ते तेथे मोजण्याची सोय नसली म्हणजे ते बंडखोरीच्या वाटेने चव्हाट्यावर येऊन मोजले जाते.

महाराष्ट्रात तर याहून मोठा अनर्थ घडला. शिवसेना दुभंगली तेव्हा खरा पक्ष कोणता, हे सामान्य सदस्यांच्या कौलाने ठरावयास हवे होते. परंतु १७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात निवडणूक आयोगाने पक्षघटना व संघटनेतील बहुमत हे निकष बाजूस ठेवले आणि लोकप्रतिनिधींच्या संख्याबळावर निवाडा केला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसच्या वादातही विधिमंडळातील बळच निर्णायक ठरले. हे निवाडे योग्य की अयोग्य, हा वाद निराळा. पण गावोगाव पक्ष वाढविणाऱ्या सामान्य सदस्याचे मत या साऱ्या हिशेबात कोठे होते? ज्या पक्षात खऱ्या निवडणुका होत नाहीत, त्या पक्षाची मालकी सिद्ध करावयास सदस्य पुरावा तरी कोठून आणणार?

पक्षांतर्गत निवडणुकीने गटबाजी माजते, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. २९ जानेवारी १९३९ रोजी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी सुभाषचंद्र बोस यांना १,५८० व पट्टाभी सीतारामय्या यांना १,३७७ मते पडली. मार्चमध्ये जबलपूरजवळील त्रिपुरी येथे अधिवेशन भरले, आणि एप्रिल संपण्यापूर्वी निवडून आलेल्या अध्यक्षालाच राजीनामा द्यावा लागला! पण यातून धडा कोणता घ्यावयाचा? मतदान नको, हा? मुळीच नाही. कौल घेणे जितके आवश्यक, तितकेच तो शिरोधार्य मानणेही आवश्यक, हाच तो धडा होय. गटबाजी मतदानाने जन्मत नाही. ती आधीच असते आणि मतदान तिला फक्त उजेडात आणते. अंधारातील गटबाजी त्याहून घातक.

काँग्रेसने १७ ऑक्टोबर २०२२ रोजी अध्यक्षपदासाठी मतदान घेतले. खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते मिळाली. पक्ष काही त्यामुळे फुटला नाही. मात्र याआधीची अशी लढत २००० साली झाली होती! भारतीय जनता पक्षात तर १९८० च्या स्थापनेपासून अध्यक्ष बिनविरोधच होत आले आहेत. एकमत ही शोभेची गोष्ट खरी. पण चार दशकांहून अधिक काळ कोणाचेच दुमत कधी मतपेटीपर्यंत पोहोचू नये, हे लक्षण निरोगी प्रकृतीचे मानावयाचे काय?

जर्मनीने हुकूमशाहीचे चटके सोसून १९४९ च्या मूलभूत कायद्यातच पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे, असे लिहून ठेवले. आपल्याकडे १९९९ साली विधी आयोगाने अशाच कायद्याची शिफारस केली. ती अमलात आलेली नाही. सत्तारूढ पक्ष अशा कायद्याचा दंडुका विरोधकांवर उगारतील, ही भीती रास्त आहे. म्हणून कायद्याने नेता कोण असावा यात नाक खुपसू नये. निवडणूक खरोखर झाली की नाही, एवढेच पाहावे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पक्षाने सदस्यांची यादी सदस्यांना पाहावयास ठेवावी. शहर समितीपासून अध्यक्षापर्यंत ठरावीक मुदतीने गुप्त मतदान व्हावे. उमेदवार ठरविताना त्या मतदारसंघातील सदस्यांचा कौल घ्यावा, आणि श्रेष्ठींनी तो डावलल्यास कारण लेखी द्यावे. पराभूताला शत्रू न मानता संघटनेत मानाचे स्थान मिळावे.

आणि राजपुऱ्यातील कार्यकर्त्यांनो, वरून कृपा होण्याची वाट पाहू नका! तुमच्या शाखेची पुढची बैठक भरेल तेव्हा एकच प्रश्न विचारा : आमचे मत कधी घेणार? सतरंजी अंथरणाऱ्याला तिच्यावर बसून मत देण्याचाही अधिकार आहे. तो मागितल्यावाचून आजवर कोणाला मिळालेला नाही.