पहारेकऱ्यास दूर सारू नये

वैशाखातील एका दुपारी सौंसरहून पांढुर्ण्यास जाताना आमच्या मोटारीतील गार हवा बंद पडली. कारागीर म्हणाला, "गुरुजी, रिले सोडून थेट तार जोडतो." आम्ही नकार दिला. रिलेच्या ८५ व ८६ या टोकांतून जाणारा क्षीण प्रवाह ३० व ८७ ही टोके जुळवितो. तेव्हाच कॉम्प्रेसरचा क्लच ओढला जातो. वायू कमी झाल्यास दाबाचा स्विच तो क्षीण प्रवाह तोडतो. थेट तारेने हा पहारेकरीच दूर होतो. वायूसवे फिरणारे तेल न मिळून कॉम्प्रेसर निकामी होतो. भोंग्याचा त्याच बनावटीचा रिले तेथे बसविताच क्लच टक्कन लागला. दोष त्या इवल्या रिलेत होता! वाचकहो, घाईच्या उपायापूर्वी लहानशी शंका फेडून घ्यावी.